‘हात लावू नको’ म्हणणारे आम्हीच!

आमच्या वस्तीतील विहाराच्या माडीवर अभ्यासिका चालते. पोलीस भरतीची, एमपीएससीची, बारावीची, आयटीआयची अशी सगळी मुले-मुली तेथे बसतात. घरी दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे, त्यात टीव्ही चालू, मग अभ्यास करायचा कुठे? म्हणून ही अभ्यासिका. काही मुले तर रात्रभर बसतात. या अभ्यासिकेला समाजातील एका नोकरदार बांधवाने आपल्या घरचा जुना संगणक आणून दिला. त्यांच्या मुलाने तो गेम खेळण्यासाठी हौसेने जुळवून घेतलेला होता. त्यामुळे कॅबिनेटची एक बाजू पारदर्शक, आत निळे दिवे असलेला पंखा आणि समोर बटनापाशी टाचणीच्या डोक्याएवढा, पण डोळ्यांत घुसणारा निळा दिवा.

आता निळ्या रंगाशी आमचे वैर असण्याचे कारणच नाही. तो आमच्या झेंड्याचा रंग आहे. पण रात्री अकरानंतर वीजबिल वाचविण्यासाठी मोठे दिवे बंद करून फक्त टेबलावरचे दिवे ठेवले की त्या पंख्याचा निळा झोत समोर बसलेल्यांच्या थेट डोळ्यांवर यायचा. मुले तक्रार करू लागली. आम्ही आधी ती हसण्यावारी नेली. “इतका चांगला संगणक फुकट मिळाला आणि तुम्हाला दिव्याचा रंग आवडत नाही?” असे आम्ही त्यांनाच सुनावले. पुढे कळले की तक्रार खरी होती. अंधारात आपल्या डोळ्यांतील ज्या पेशी काम करतात, त्या लाल उजेडाला जवळजवळ दाद देत नाहीत आणि निळसर-हिरव्या उजेडाला मात्र फार लवकर दाद देतात. दिवसा जो निळा दिवा नजरेतही भरत नाही, तोच रात्री टोचतो तो यामुळे. शिवाय झोप आणणारे जे द्रव्य शरीर तयार करते, त्या मेलाटोनिनला निळा उजेड सर्वांत जास्त अडवितो. पहाटे दोन वाजता घरी जाऊन आडवे झालेल्या मुलाला झोप का येत नाही, याचे निदान काही उत्तर येथे मिळते.

आम्ही संगणक दुरुस्तीच्या एका दुकानात विचारणा केली. दुकानदाराने कॅबिनेट उघडलेसुद्धा नाही. “सोल्डरिंग करावे लागेल, बोर्ड काढावा लागेल, आठशे रुपये होतील आणि नंतर काही बिघडले तर आमची जबाबदारी नाही,” असे त्याने सांगून टाकले. आठशे रुपये म्हणजे अभ्यासिकेच्या दोन महिन्यांच्या वर्तमानपत्रांचे बिल! आम्ही परत आलो आणि त्या पंख्यावर जुने वर्तमानपत्र चिकटवून मोकळे झालो. पंख्याची हवा कोंडली, संगणक तापून बंद पडू लागला, तेव्हा तो कागदही काढावा लागला.

आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकणारी एक मुलगी अभ्यासिकेत येते. एका रविवारी दुपारी ती म्हणाली, “काका, यात सोल्डरिंगचं काहीच काम नाही. मी बदलू का?” यावर आमच्या तोंडून विचार न करता जे शब्द बाहेर पडले, ते आज लिहितानाही आम्हाला लाज वाटते. आम्ही म्हणालो, “अगं, हात लावू नको!”

ज्या समाजाच्या कित्येक पिढ्यांनी ‘हात लावू नको’ हे तीन शब्द पाणवठ्यावर, देवळाच्या पायरीवर, दुकानाच्या फळीवर ऐकले, त्या समाजातील आम्ही जाणती म्हणविणारी माणसे आपल्याच लेकीला तेच शब्द ऐकवीत होतो, आणि तेही कशासाठी? तर एका पत्र्याच्या डब्यासाठी! आमचा हेतू वाईट नव्हता. महागाची वस्तू बिघडेल, परत कोण देणार, ही धास्ती होती. घरात पहिला टीव्ही आला तेव्हा त्यावर भरतकामाचे कापड घालणारी, पहिला संगणक आला तेव्हा त्याला प्लॅस्टिकचे आवरण चढविणारी आमची पिढी. पण हेतू काहीही असो, परिणाम तोच होतो. ज्याने हात लावला नाही, त्याला आत काय आहे ते कधीच कळत नाही, आणि मग तो आयुष्यभर आठशे रुपये मोजत राहतो.

मुलगी मात्र हटली नाही. तिने काय केले ते आम्ही येथे सविस्तर सांगतो, कारण आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी, मंडळात, शाळेत असे संगणक आहेत.

आधी तिने संगणक बंद केला, भिंतीतली पिन काढली आणि सुरू करायचे बटन काही क्षण दाबून धरले, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. मग कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातील स्थिर वीज घालविली. एक गोष्ट तिने बजावून सांगितली. कॅबिनेटमध्ये जो वेगळा बंद डबा असतो, ज्याला एसएमपीएस म्हणतात, तो कधीही उघडायचा नाही. त्याच्या आत सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास दाब तयार होतो आणि पिन काढल्यावरही तो काही काळ साठून राहू शकतो. बाकी मदरबोर्डवर जे काही आहे ते बारा व्होल्ट किंवा त्याहून कमी. तेथे भीती माणसाला नाही, चूक केली तर वस्तूला आहे.

समोरच्या निळ्या दिव्याच्या दोन बारीक वायरी एका छोट्या काळ्या प्लगमध्ये जातात आणि तो प्लग मदरबोर्डच्या कोपऱ्यातील दोन पिनांवर नुसता खोचलेला असतो. पिनांशेजारी बोर्डवर नावही छापलेले असते. तिने प्लग ओढून काढला. दिवा कॅबिनेटच्या तोंडाशी प्लॅस्टिकच्या खाचेत दाबून बसविलेला होता, तो मागून ढकलून बाहेर काढला. आणलेला नवा एलईडी नारिंगी रंगाचा होता. त्याचे दोन पाय, लांब तो प्लस आणि आखूड तो मायनस. प्रयोगासाठी मिळतात त्या तयार जोडवायरींच्या तोंडात तिने ते पाय थोडे कापून खोचले, दोन्ही पाय एकमेकांना लागू नयेत म्हणून मध्ये चिकटपट्टी गुंडाळली, दिवा खाचेत बसविला आणि वायरींची दुसरी टोके बोर्डच्या पिनांवर चढविली. कुठे सोल्डर नाही, कुठे डाग नाही.

संगणक सुरू केला. दिवा लागलाच नाही! आम्ही लगेच म्हणालो, “बिघडवलास ना?” ती हसली, म्हणाली, “उलटा लागलाय.” तिने वायरी फिरविल्या आणि नारिंगी दिवा लागला. एलईडी एकाच दिशेने वीज जाऊ देतो, उलटा लावला तर पेटत नाही एवढेच. त्याच्यासाठी लागणारा रेझिस्टर मदरबोर्डवर आधीच बसविलेला असतो, त्यामुळे प्रवाह मर्यादेत राहतो. या सगळ्याला वीस मिनिटे लागली आणि खर्च दोन चहांच्याही आत आला. आठशे रुपयांचे काम ते हेच!

पंख्याची गोष्ट जरा वेगळी. त्यातील दिव्यांच्या वायरी आतल्या आत सोल्डर केलेल्या होत्या. आम्हाला आता जोर चढला होता. आम्ही म्हणालो, दिवे उपटून नारिंगी घाल. तिने नकार दिला आणि एका कागदावर हिशेब मांडून दाखविला. पंख्याला बारा व्होल्ट मिळतात. निळा एलईडी सुमारे ३.२ व्होल्ट घेतो. असे तीन एका रांगेत असतील तर ते ९.६ व्होल्ट खातात, रेझिस्टरवर २.४ व्होल्ट उरतात. नारिंगी किंवा लाल एलईडी सुमारे २ व्होल्टच घेतो. तीन लावले तर ६ व्होल्ट खर्च होतात आणि रेझिस्टरवर ६ उरतात. रेझिस्टर तोच राहिला तर प्रवाह अडीच पट होणार आणि दिवे जळणार. हात लावण्याचे धाडस आणि न समजता हात घालणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे आम्हाला त्या कागदावर समजले.

मग तिने जयंतीच्या सजावटीतून उरलेला नारिंगी जिलेटिन पेपर आणून निळ्या दिव्यांवर धरला. आम्हाला वाटले रंग बदलेल, पण दिवा जवळजवळ विझल्यासारखा झाला. कारण साधे आहे. जिलेटिन पेपर रंग तयार करीत नाही. उजेडात जे रंग आहेत त्यांतून काही अडवितो आणि काही जाऊ देतो. निळ्या एलईडीच्या उजेडात नारिंगी नसतोच, मग जाऊ काय देणार? पांढऱ्या एलईडीत मात्र सगळे रंग मिसळलेले असतात. म्हणून तिने अभ्यासिकेतल्या दुसऱ्या, बंद पडलेल्या संगणकातील पांढऱ्या दिव्यांचा पंखा चार स्क्रू सोडवून काढला, तो येथे बसविला, त्याचा प्लग त्याच जागी खोचला आणि फक्त दिव्यांच्या तोंडावर जिलेटिनच्या छोट्या टोप्या चढविल्या. पाती आणि हवेची वाट मोकळी ठेवली. त्या रात्रीपासून तक्रार बंद झाली.

आजकालच्या नव्या संगणकांत तर हेही करावे लागत नाही. मदरबोर्डवरच दिव्यांसाठी वेगळ्या पिना असतात आणि रंग संगणकातूनच निवडता येतो. प्रत्येक कंपनी त्यासाठी आपापले सॉफ्टवेअर देते. ओपनआरजीबी नावाचे फुकट आणि खुले सॉफ्टवेअरही आहे, त्यावर अनेक कंपन्यांचे दिवे एकत्र चालतात. येथे ध्यानात ठेवायची गोष्ट एकच. चार पिनांची जोडणी बारा व्होल्टची असते, तिच्यात सगळे दिवे एकाच वेळी एकाच रंगाचे होतात. एक पिन गाळलेली, तीन पिनांची जोडणी पाच व्होल्टची असते, तिच्यात प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा ठेवता येतो. पाच व्होल्टची पट्टी जबरदस्तीने बारा व्होल्टवर खोचली तर ती तत्काळ जळते. छापलेले वाचा, पिना मोजा, मगच खोचा.

ज्या निळ्या दिव्याने हे सारे घडविले, त्याची कहाणी आमच्या तरुणांनी मुद्दाम माहीत करून घ्यावी. डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी अमेरिकेत निक होलोनयॅक यांनी १९६२ साली दाखविला. पण प्रखर निळा काही केल्या जमत नव्हता. मोठमोठ्या कंपन्यांनी हात टेकले. जपानमधील नागोया विद्यापीठात इसामु आकासाकी आणि हिरोशी आमानो यांनी वाट काढली, आणि १९९३ साली शुजी नाकामुरा यांनी प्रखर निळा एलईडी करून दाखविला. हे नाकामुरा टोकियोच्या नामांकित विद्यापीठातले नव्हते. शिकोकू बेटावरच्या तोकुशिमा विद्यापीठात शिकले आणि त्याच भागातील निचिया या तेव्हा लहान असलेल्या कंपनीत १९७९ साली लागले. १९८८ साली ते अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठात काम शिकायला गेले, तेव्हा त्यांच्याकडे डॉक्टरेट नव्हती, म्हणून तेथील लोकांनी त्यांना कारागिरासारखेच वागविले. परत आल्यावर त्यांनी विकत आणलेले यंत्र स्वतःच्या हातांनी उघडले, त्याच्या नळ्या बदलल्या, पुन्हा जोडले, पुन्हा तपासले. ज्या हातांना ‘कारागिराचे’ म्हणून हिणविले, त्याच हातांनी जगाला निळा आणि त्यातून पांढरा उजेड दिला. कारण आजचा पांढरा एलईडी म्हणजे निळ्या एलईडीवर पिवळसर उजेड देणाऱ्या भुकटीचा थर. २०१४ साली या तिघांना पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले.

आणि मोबदला? या शोधाच्या पेटंटसाठी नाकामुरांच्या हातावर बक्षीस म्हणून अवघे वीस हजार येन ठेवल्याचे सांगितले जाते. ते कोर्टात गेले. २००४ साली टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने त्यांना २० अब्ज येन देण्याचा निकाल दिला. पुढे २००५ साली सुमारे ८४ कोटी येनांवर तडजोड झाली. निकालापेक्षा रक्कम कितीतरी कमी, पण ज्याच्या हातांनी काम केले त्याचा त्या कामावर हक्क असतो, हा मुद्दा त्यांनी कोर्टात लावून धरला.

आम्ही हे का सांगतो? कारण हाताने काम करणारा खालचा आणि बसून हुकूम सोडणारा वरचा, ही उतरंड या देशात ज्यांनी रचली, त्यांची झळ आम्ही पुरती सोसली आहे. म्हणून आमच्या समाजाने पुस्तक हाती धरले, ते योग्यच केले. पण पुस्तक धरताना स्क्रू ड्रायव्हरला कमी लेखण्याची खोड आमच्यातही शिरली आहे. मुलगा अधिकारी झाला तर सत्कार, आणि आयटीआयला गेला तर “काय करणार, मार्क कमी पडले!” जयंतीला चौकात जी रोषणाई होते, ती कोण करतो? वस्तीतीलच पोरे रात्र रात्र जागून एलईडीच्या पट्ट्या जोडतात, कुठल्या पट्टीला किती व्होल्ट लागतात ते तोंडपाठ सांगतात. त्याला आम्ही शिक्षण समजत नाही, ‘डेकोरेशन’ समजतो. ही आमची चूक आहे.

काही सुशिक्षित बांधव म्हणतील, संगणकाचे दिवे रंगविणे हे श्रीमंतांच्या पोरांचे चाळे, यावर लेख कसला लिहिता? आमचे त्यांना म्हणणे असे की, दिव्याचा रंग हा निमित्त आहे. बिघडलेला भाग बदलणे, जास्तीची मेमरी बसविणे, जुना संगणक पुन्हा उभा करणे, या सगळ्यांची पहिली पायरी कॅबिनेटचे झाकण उघडणे हीच असते. चूक झाली तर फार तर दोन रुपयांचा दिवा जातो, आणि ज्याने एकदा झाकण उघडले त्याची भीती कायमची जाते. इतका स्वस्त धडा दुसरा कोणता?

सोल्डरिंगलाही आम्ही नावे ठेवीत नाही. कल्हईवाला वापरतो ते कथील आणि त्यात शिसे मिसळून केलेली तार वितळवून, तीनशे अंशांच्या वर तापलेल्या टोकाने बारीक सांधे जोडणारा कारागीर आमच्या आदरास पात्र आहे. पण शिसे विषारी आहे आणि त्या कामाचा धूर छातीला बाधतो. म्हणून ते काम उघड्या खिडकीशी, जाणत्याच्या हाताखाली शिकावे. आणि जेथे त्याची गरजच नाही, तेथे त्याचे नाव सांगून कोणी घाबरवीत असेल तर आधी झाकण उघडून खात्री करावी.

आणखी एक भीती घातली जाते ती हमीची. ‘हे स्टिकर फाटल्यास हमी संपेल’ असे स्क्रूवर चिकटविलेले असते. अमेरिकेत २०१८ साली तेथील व्यापार आयोगाने सहा कंपन्यांना पत्रे पाठवून असल्या अटींबद्दल ताकीद दिली. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यासाठी पोर्टल सुरू केले. पण पोर्टलवर माहिती देणे वेगळे आणि कायद्याने हक्क देणे वेगळे. तो हक्क मागावा लागेल. तोवर नवी वस्तू असेल तर हमीचा कागद नीट वाचा आणि मगच हात घाला. जुन्या वस्तूची हमी केव्हाच संपलेली असते, तिला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक विहारात, अभ्यासिकेत, मंडळाच्या कार्यालयात कुठेतरी कपाटावर एक बंद पडलेला संगणक धूळ खात पडलेला असतो. तो भंगारात देऊ नका. महिन्यातून एका रविवारी तो टेबलावर उघडा ठेवा, शेजारी दोन स्क्रू ड्रायव्हर, स्क्रू ठेवायला एक वाटी, आणि वस्तीतील आयटीआयची, डिप्लोमाची मुले-मुली शिकवायला. नवी मुले हात घालतील, चुकतील, पुन्हा जोडतील. जाणत्यांनी फक्त दोन गोष्टी पाहाव्यात. भिंतीतली पिन काढलेली आहे ना, आणि एसएमपीएसच्या डब्याला कोणी स्क्रू ड्रायव्हर लावीत नाही ना. बाकी तोंड बंद ठेवावे. हे शेवटचे आम्ही स्वतःलाही सांगतो आहोत.

आमच्या अभ्यासिकेत हे सुरू झाले आहे. पहिल्या रविवारी अकरा जण जमले, त्यांत सहा मुली होत्या. शिकवायला तीच मुलगी होती. एक चौथीतला पोरगा टेबलाच्या कडेला उभा राहून बघत होता, हात पाठीमागे बांधून. त्याला घरी कोणीतरी बजावून पाठविले असणार. आम्ही त्याच्या हातात स्क्रू ड्रायव्हर दिला.